खडूनं आखलेली खोली

घरामागच्या खोलीला नवं प्लास्टर आणि फरशी झाली, तेव्हा माझ्या सुतारकामाची मांडणी मी जमिनीवर खडूनं आखली. कामाचं टेबल खिडकीपाशी, डावीकडे अवजारांची फळी, कोपऱ्यात लाकडं. माझी नजर हळूहळू कमी होत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. रंधा मी सोडणार नाही, हेही तितकंच स्पष्ट आहे.

माझी बायको सुमन चहा घेऊन आली. रेघा बघून तिनं कप खाली ठेवला, डोळे मिटले आणि हात पुढे करून दारातून चालू लागली. तिसऱ्याच पावलाला ती खडूच्या टेबलात शिरली.

"इथं रोज धडकाल," ती म्हणाली. "वाट सरळ हवी."

मी रेघा पुसल्या आणि स्वतःही डोळे मिटले. हात सहज पोचेल तिथं करवत, त्याखाली पटाशी. इतकी वर्षं वाटत होतं, आपण डोळ्यांनी काम करतो. खरं तर फळी गुळगुळीत झाल्याचं आधी तळव्याला कळतं. डोळे मागाहून फक्त होकार देतात.

नव्या आखणीत टेबल आतल्या भिंतीला गेलं आणि खिडकी मोकळी राहिली.

"एवढा उजेड वाया जाणार," सुमन म्हणाली.

"तुझं शिलाई मशिन आण की इथं."

"आणि तुमचा भुसा माझ्या कापडावर?"

"झटकून घे."

ती हसली. माझ्या हातातला खडू घेऊन तिनं खिडकीखाली आपल्या मशिनचा चौकोन आखला, चांगला ऐसपैस.