तुटक रेघ

चिंचवडच्या कारखान्यात दिवसभर यंत्रांची ड्रॉइंगं काढणाऱ्या रंगरावांना घरी आल्यावर चित्रकार व्हायचं असे. शाळेपासून देवादिकांची कॅलेंडरं समोर ठेवून त्यांनी हात बसवला होता, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. कुणाचंही चित्र काढा, डोळे टपोरे, गाल गुबगुबीत, ओठांवर तेच सोज्वळ हसू. शेजारचे सदाशिवराव तर स्वतःचंच चित्र बघून हात जोडणार होते.

एकोणऐंशी साली रंगरावांच्या आईनं, अंबूबाईंनी, माझं चित्र काढ म्हणून हट्ट धरला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की म्हातारी जेवण सोडायची. फोटो काढला तर त्यात नेमके डोळे मिटलेले. आपल्यामागं भिंतीवर काय लागणार, ते दिसतंय तोवर तिला बघून घ्यायचं होतं.

पहिलं चित्र नाकाला लावून तिनं विचारलं, ही कोण बाई? दुसऱ्यात रंगरावांनी सुरकुत्या घातल्या, तर हिनं कधी काम केलेलं दिसत नाही म्हणाली. तिसऱ्याला नुसतीच मान हलवली. रंगराव कावून गेले. जन्म दिलेल्या बाईचं तोंड कागदावर उतरत नाही, आणि म्हणे चित्रकार! तिकडं म्हातारीची नजर काही थांबणार नव्हती.

एका रविवारी त्यांचं डोकंच फिरलं. रंगांची पेटी पलंगाखाली ढकलली, ऑफिसातली पेन्सिल घेतली आणि यंत्राचा सुटा भाग काढावा तशी आई काढली: समोरून, बाजूनं, वरून. पाठ होती तेवढीच वाकलेली. ड्रॉइंगमध्ये झाकलेला भाग तुटक रेघेनं दाखवतात. ती सवय हातात इतकी मुरलेली, की पदराखालचंही त्यांनी तसंच दाखवून टाकलं.

अंबूबाईंचं बोट त्या रेघेपाशी थांबलं.

“हे काय रं?”

“पदराखालची टाळू. झाकलेलं असं दाखवतात.”

गावची जमीन कारखान्यांना गेली, तेव्हा त्याच जमिनीवरच्या बांधकामात अंबूबाईंनी खडीची घमेली वाहिली होती. टाळूवरचे केस गेले ते तेव्हाच. ते डोकं तिनं कधी कुणापुढं उघडं केलं नव्हतं. मुलानं पाहिलंय, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तिनं पदर पुढं ओढला. 

“ही मी हाय. हीच लाव,” ती म्हणाली. “पर त्वांड भिताडाकडं. मी बघतीया तवर कुनी बघायचं न्हाई.”

आलागेला विचारायचा, रंगराव, फ्रेम उलटी का? सांगून सांगून त्यांचं तोंड दुखलं. जन्मात एक चित्र आपल्या हातचं उतरलं, आणि ते बघायला भिंत!

पुढच्या वर्षी नजर पुरती गेली. एका सकाळी अंबूबाईंनी चाचपत जाऊन फ्रेम स्वतःच सुलटी केली.

“आता बघू दे लोकास्नी,” ती म्हणाली. “बघनाऱ्याचं त्वांड मला कुठं दिसतंय.”