कोंडाण्यात उघडलेला कॅमेरा

कोंडाणे गावातल्या काशीबाईंना मी तोंडावर सांगून आले की तुमच्या बैलांचा फोटो गेला. तो गेला नव्हता. माझ्या त्या एका वाक्याने त्या घरातल्या दुसऱ्या बाईवर ठपका बसला, म्हणून हे लिहिणं भाग आहे. जाण्यायेण्याची माहिती ओघात येईलच.

भावाने घर आवरताना त्याचा जुना फिल्मचा एसएलआर मला दिला. सगळं आपोआप करणारा. माहितीपुस्तिका कधीच हरवलेली. कॉलेजात असताना मी वापरलेल्या कॅमेऱ्यात रोल अंगठ्याने पुढे सरकवावा लागे आणि उजेडाचा अंदाज आपणच करायचा. इथे बटण अर्धं दाबलं की भिंग स्वतःच फिरून नेम धरतं. रोलची डबी आत ठेवून झाकण लावलं, तर तो बराच वेळ घरघरत राहिला. बिघडला, असंच वाटलं. मग खिडकीत आकडा उमटला: छत्तीस. दर फोटोला तो एकाने कमी होतो. एवढं समजून घेतलं आणि निघाले. (याची बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. जास्तीची बरोबर ठेवा.)

पनवेलहून चौकमार्गे कर्जतला एसटी जाते. डिसेंबरची सकाळ होती, भात कापून झालेलं, खाचरांत नुसती धसकटं आणि त्यांच्यावर धुकं. कर्जतला वडापाव खाल्ला, पाणी भरून घेतलं आणि कोंडाण्याची रिक्षा केली. परतीचं तेव्हाच ठरवून टाका, लेण्यांवरून उतरल्यावर गावात रिक्षा मिळत नाही. गावातून लेण्यांपर्यंतची वाट रानातून चढते. साधे बूट पुरतात, चपला नकोत.

लेण्यांसमोर मी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. कातळात कोरलेली ती मोठी कमान, तिच्याखाली दगडाच्याच तुळया. लाकडाच्या वाटाव्यात इतक्या हुबेहूब. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडाकडून लाकडाचं काम करून घेतलं. मी कॅमेरा वर धरला. आत अंधार, भिंग पुढे-मागे चाचपडलं, आणि एका तुळईच्या कडेवर टक् करून थांबलं. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. मोबाईलवर मी दहा काढले असते आणि घरी जाऊन एकही बघितला नसता. इथे एकेक फोटो मोजून काढला, श्वास धरून.

उतरून गावात आले तर एका अंगणासमोर टेंपो उभा होता. ओट्यावरच्या बाईंनी माझ्या गळ्यातला कॅमेरा हेरला.

"मॅडम, आमच्या बैलांचा फोटो काढा की. आत्ता टेंपोत चढतील."

या काशीबाई. पवळ्या आणि चांद्या या बैलांना चौकजवळचा त्यांचा भाचा न्यायला आला होता. नवऱ्याचे, म्हणजे तुकारामदादांचे, गुडघे गेलेले. चिखलात उतरणं बंद, मग बैल ठेवून करायचं काय? पवळ्याची आई तो लहान असतानाच मेली, तेव्हा काशीबाईंनी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलेलं.

"न्या, न्या लवकर," आतून आवाज आला. "माझ्या कमरेला सुटका. शेण काढून काढून वाकले."

ही सुमन, काशीबाईंची धाकटी जाऊ.

"तू कधी काढलंस गं शेण? सणावारी?"

"बाकीच्या दिवशी तुमचा पवळ्या सोताच काढायचा काय?"

तुकारामदादा तेलाची वाटी घेऊन शिंगं चोळायला लागले. काशीबाई म्हणाल्या, "लगीन हाय काय त्यांचं?" पण पदर सारखा करून त्या बैलांपाशी उभ्या राहिल्या.

शेजारपाजारच्यांनी मोबाईल काढले. मी दरडावलं, "ते खाली ठेवा. सगळ्यांनी इकडे बघा." माझ्या आवाजाला पन्नाशीपुढची माणसंही बिचकतात. एकानेही फोटो काढला नाही. मी एकच काढला. कॅमेरा घरघरला. बैल टेंपोत चढले, पवळ्या फळीवर जरा अडला, दादांनी पाठीवर थाप मारली तेव्हा चढला. टेंपो वळणाआड गेला.

काशीबाईंनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. मी कॅमेरा ओट्यावर ठेवून हात धुवायला गेले. परत येते तो सुमनबाई कॅमेरा उलटा करून बघत होत्या.

"मागं काच नाय याला? फोटो दिसतो कुठं?"

मी ओरडेपर्यंत त्यांच्या नखाने कडेची कळ खाली सरकली होती. झाकण उघडं, फिल्म भर उन्हात.

मी झाकण लावलं, कॅमेरा पुन्हा घरघरत राहिला, रोल गुंडाळायचं बटण दाबून मी डबी बाहेर काढली आणि सांगून टाकलं, "उजेड लागला. सगळे फोटो गेले. बैलांचा पण."

काशीबाई जावेकडे वळल्या. "बरा डाव साधलास."

"अवो, मला काय ठाव? मला बघायचं होतं फक्त."

"जाताना न्या न्या करीत होतीस. आता फोटो पण नको झाला."

सुमनबाई आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी उत्तम होती, पण मी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

परतीला चौकला उतरले. इर्शाळगडाच्या सुळक्याला आरपार भोक आहे, नेढं म्हणतात त्याला. संध्याकाळी त्यातून आभाळाचा तुकडा दिसत होता. नवा रोल घालून ते टिपलं. मग चौकशी करत भाच्याचा गोठा गाठला. पवळ्या आणि चांद्या नव्या दावणीला पेंढा खात होते. त्यांचाही फोटो काढला, पण त्यात काशीबाई नव्हत्या.

दोन्ही डब्या पुण्याला धुवायला पाठवल्या. खराब झालेली डबीही पाठवली, कारण बघितल्याशिवाय काही फेकणं माझ्या स्वभावात नाही. फिल्म धुणाऱ्याचा फोन आला.

"मॅडम, पहिल्या रोलवरचे तुमचे सगळे फोटो आलेत."

"झाकण उघडलं होतं त्याचं."

"तरी आलेत. तुमचा कॅमेरा आधी सगळा रोल बाहेर काढून ठेवतो. मग जसा फोटो काढाल तसा तो डबीत ओढून घेतो. उघडलं तेव्हा कोरी फिल्म जळली. काढलेली आत होती, अंधारात."

मी फोन ठेवून कॅमेरा समोर घेऊन बसले. ती सुरुवातीची लांबलचक घरघर, तो उलटा उतरणारा आकडा. माझ्या डोळ्यांदेखत तो हेच करत होता. कुणीतरी कधीतरी झाकण उघडेल, हे ते यंत्र बनवणाऱ्याने आधीच धरून ठेवलं होतं. लेण्यांसमोर वाटलं होतं तसंच काहीसं या काळ्या डब्याकडे बघून वाटलं. त्या अज्ञात माणसाला मी मनोमन हात जोडले.

बैलांचा फोटो शेवटचा, डबीच्या तोंडाशी राहिलेला. त्याच्या डाव्या कडेला उजेडाचा नारिंगी पट्टा आला आहे. तो जिथे संपतो तिथे सुमनबाई उभ्या आहेत. त्या फोटोत आल्याचं मला आठवतच नव्हतं. बाकी सगळे माझ्याकडे बघताहेत, दरडावल्यासारखे. त्या एकट्या पवळ्याकडे बघताहेत आणि त्यांचा तळवा त्याच्या वशिंडावर आहे.

मी पुन्हा कोंडाण्याला गेले. काशीबाईंनी फोटो उजेडाकडे धरला, दादांना दाखवला, मग बराच वेळ त्या नारिंगी कडेकडे बघत राहिल्या. "हिला बोलवा," एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन कॅमेरा कपाटात ठेवला नाही, टेबलावरच आहे. त्यात नवा रोल आहे.

दिलं ते असं. काशीबाई आणि तुकारामदादांना बैलांचा मोठा फोटो एक, त्याची निगेटिव्ह, आणि चौकच्या गोठ्यातला पवळ्या-चांद्याचा एक. त्यांच्या भाच्याला बैलांच्या फोटोची लहान प्रत एक, येताना पोचवली. सुमनबाईंना तशीच लहान प्रत एक. ती मी दिलेली नाही. माझ्या हातातून घेऊन काशीबाईंनी दिली.