दारं चोरीला गेलेली गल्ली

दारं चोरीला जाण्याचा तो प्रकार माझ्या मनातून अजून जात नाही. गुन्हा म्हणून तो किरकोळ होता. ठाण्याच्या डायरीत दोन ओळींत मावला असता. पण माझी पत्नी यंदा वारली, आणि तिच्यामागे जे काही पुन्हा पुन्हा आठवतं त्यात हे प्रकरण आधी येतं. त्याचा उलगडा तिनं केला होता. सरकारी कागदांत तिचा उल्लेख नाही, म्हणून इथे करतो आहे. नावं मात्र कुणाचीच देणार नाही.

मुंबई पोलिसांत काही वर्षं काढून मी कुवेतला गेलो. हिंदुस्थानी लोकांच्या तक्रारी समजून घेईल असा तपास अधिकारी तिथल्या खात्याला हवा होता. साठचं दशक नुकतंच लागलं होतं. तेलाच्या जोरावर जुनं शहर पाडून नवं उभं राहत होतं. मातीच्या घरांचे मालक भरपाई घेऊन बाहेरच्या नव्या वसाहतींत गेले होते. मागे भाडेकरू उरले: इराणी हमाल, पठाण, बलुची आणि आमच्या रत्नागिरी-कुलाब्याकडचे मुसलमान, कुणी शिंपी, कुणी स्वयंपाकी.

नियम साधा होता. राहतं घर पाडायचं तर आधी नोटीस, मग मुदत, आणि कुटुंब असेल तर दुसरीकडे खोली. रिकामं घर मात्र त्याच दिवशी पाडता येई. घर राहतं की रिकामं, हे ठरवणारा माणूस एकच होता. हे गृहस्थ मतदानातून थेट निवडून आले होते आणि त्या भागाच्या नवरचनेचे सर्वाधिकार त्यांच्याकडे होते. त्यांच्या सहीवर अपील नव्हतं. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. मुंबईत महापौर हारतुऱ्यांपुरता आणि खरी सत्ता आयुक्ताची, हे आम्ही पाहिलं होतं. लोकांनी निवडलेल्या माणसाच्या हाती अधिकार असले तर बिघडलं काय, असं मी म्हणत असे.

तक्रार घेऊन आली ती दाभोळकडची एक म्हातारी. तिचा मुलगा अहमदी या तेलाच्या गावी कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होता आणि फक्त शुक्रवारी घरी येई. घरात ती आणि सून. सुनेचे दिवस भरत आले होते.

"दार नेलान," म्हातारी म्हणाली. "दुपारची आमी आतल्या खोलीत पडलेलो. उठून बघतंय तर समोर रस्ता."

"आणखी काय गेलं?"

"काय नाय. दाराशेजारी तांब्याची घागर होती, ती तशीच ठेवलान. असला कसला चोर रे बाबा? अक्कल नाय त्याला."

त्या गल्लीतली तशीच इतर काही दारं आधी गेली होती. आमच्या ठाण्यात सगळ्यांचं मत एकच: लाकूडचोर. मलबारी सागाला तिथे मोठी किंमत होती. आम्ही लाकूडबाजार पालथा घातला. एक फळी सापडली नाही.

सुनेचा जबाब घ्यायचा होता, पण ती परपुरुषासमोर येईना. दाराच्या जागी चादर बांधली होती आणि ती वाऱ्यानं सारखी उडत होती. मी पत्नीला घेऊन गेलो. ती आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. येताना तिनं गल्लीतली सगळी घरं डोळ्यांखालून घातली.

"तुमी लाकूड कशाला शोधत बसलाव?" घरी आल्यावर ती म्हणाली. "नाक्यावर पठाणांची खोली हाय ना, सगळे मरद राहतात तिथं. त्यांचं दार बघितलाव? केवढं जाड. त्याला कोणी बोट नाय लावलं. बायका राहतात तिथलीच दारं गेलीत."

"मग?"

"मग काय? मरद मानूस बिनदाराचा झोपंल. बाईमानूस कशी राहील? दार गेलं की दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून माणसं आपल्या पायानं जातात. शेजारच्या घरातली तशीच गेली. गेल्यावर लगेच घर पाडलान."

मी पोलीस शाळेत शिकलो, गुन्ह्यांवरची पुस्तकं वाचली. हे मला दिसलं नव्हतं. घर रिकामं करायला नोटीस लागत होती, धाक लागत होता. दार काढायला दोन हमाल पुरत होते. मला संताप आला तो तेव्हा. बाईच्या लाजेचा कुणीतरी हत्यारासारखा वापर करत होतं.

खबर एका इराणी हमालाकडून आली. दारं वाहून नेणाऱ्यांत तो स्वतः होता. मग एके दिवशी त्याच्याच बहिणीच्या घराचं दार गेलं. तो ठाण्यात येऊन म्हणाला, "जुन्या वेशीबाहेर पाडकामाच्या ठेकेदाराची वखार आहे. तिथे बघा."

ती सगळी दारं तिथे होती, भिंतीला टेकून उभी. पंचनामा केला आणि ठेकेदाराच्या मुकादमाला आणलं. चौकशीत मी माणसाला नेहमी खुर्ची देत असे. उभा माणूस पाठ केलेलं बोलतो. बसलेला हळूहळू स्वतःचं बोलू लागतो.

"चोरी कसली साहेब?" तो म्हणाला. मुंबईच्या गोदीत राहिलेला, हिंदी चांगली बोलायचा. "घरं सरकारनं विकत घेतली. दार सरकारी, वखार सरकारी कामाची. इकडचं तिकडे ठेवलं."

"वस्तू मालकाकडूनच नेली तर चोरी, असं नाही. ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून नेली तरी चोरीच. घर त्या बाईच्या ताब्यात होतं. आणि पठाणांचं दार का नाही नेलंस? तेही सरकारीच होतं."

मी त्याच्यासाठी चहा मागवला. त्यानं तो संपवला.

"मोठ्या साहेबांनी सांगितलं," तो म्हणाला. "आधी बायकांची घरं मोकळी करा. पठाणांचं नंतर बघू."

मोठे साहेब म्हणजे तेच निवडून आलेले गृहस्थ. मी त्यांच्या कचेरीत गेलो. भिंतीवर नव्या शहराचा नकाशा होता. त्यांनी मला शेजारी बसवलं, कॉफी दिली आणि काहीही नाकारलं नाही.

"माझ्या मतदारांना रुंद रस्ता हवा आहे," ते म्हणाले. "नोटिसा देत बसलो तर तो माझ्या नातवंडांना मिळेल."

"त्या गल्लीत आपले मतदार किती आहेत?"

"एकही नाही," ते शांतपणे म्हणाले. "तिथे सगळे परदेशी. म्हणून तर ती गल्ली आधी घेतली."

हे ते लपवून बोलले असते तर मला एवढा राग आला नसता. त्यांना ते योग्यच वाटत होतं. लोकांनी निवडलेला माणूस लोकांना जाब देतो, असं मी समजत होतो. हे गृहस्थ जाब देत होते, पण नव्या वसाहतींत राहायला गेलेल्यांना. ज्यांच्या घरांवर त्यांची सही चालत होती, ते त्यांच्या लेखी कुणीच नव्हते.

वरिष्ठ म्हणाले, "दार मिळालं ना? मग फाइल बंद कर. त्यांचं नाव कागदावर येणार नाही."

"नाव नाही घेत," मी म्हणालो. "पण मुद्देमाल फिर्यादीला परत देण्याची परवानगी द्या."

ती त्यांनी दिली. दोन शिपाई आणि एक सुतार घेऊन मी भरदिवसा गल्लीत गेलो आणि म्हातारीच्या घराला दार बसवलं. पंचनाम्यात स्पष्ट लिहिलं: घर राहतं आहे, आत दोन स्त्रिया आहेत. पोलिसांच्या पंचनाम्यानंतर त्या घराला रिकामं म्हणणं कुणाला जमलं नाही. नोटीस आली, मुदत मिळाली. सून त्याच घरात बाळंत झाली. माझी पत्नी तिच्याजवळ होती. पुढे त्यांना खोलीही मिळाली. म्हातारी दार लावून घेताना म्हणाली, "आता घागर नेलान तरी चालंल."

हमालाच्या बहिणीचं दारही तसंच परत बसवलं. बाकीची दारं वखारीतून ठाण्याच्या आवारात आली. त्यांची माणसं कुठे गेली, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. काही मायदेशी परतली असतील, काही वाळवंटाच्या कडेला पत्र्याच्या झोपड्यांत गेली असतील. रस्ता झाला, चांगला झाला, आणि ते गृहस्थ पुन्हा निवडून आले.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. मत घेताना ज्याला मोजलं नाही, त्याच्या घराला हात लावण्याचा अधिकार मतांतून मिळत नाही. अधिकार कायद्यानं दिलेला असला तरी नाही. हे मी कुठल्याही अहवालात लिहू शकलो नाही. मुद्देमालाच्या यादीत ज्यांची दारं गेली त्यांचे पत्ते लिहायचे होते. मी गल्ली आणि घरांच्या जागा लिहून पाठवल्या. यादी परत आली. वर शेरा होता: नव्या नकाशात अशी गल्ली अस्तित्वात नाही, पत्ते दुरुस्त करावेत.

मी तेच पत्ते पुन्हा लिहिले आणि यादी परत पाठवली.