आमचे नखपारखी व्याही

पुण्यात सोन्याचे पारखी आहेत, आंब्याचे आहेत, दुसऱ्यांच्या मुलींच्या स्थळांचे तर गल्लोगल्ली आहेत. पण कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या जनावराचं नख तळहातावर घेऊन 'खरं' की 'खोटं' हे एका शब्दात सांगणारा माणूस साऱ्या शहरात एकच, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा! चाळीस वर्षं त्यांचा कसब्यात कवळ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर दहा बाय बाराची खोली, एक स्टोव्ह आणि भिंतभर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. लेकीच्या बैठकीला मी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळे मानपानाचं बोलत होते आणि हे गृहस्थ माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "वरचा डावा सुळा तुमचा नाही. काम चांगलं आहे, रंग जरा चुकलाय." तीस वर्षं ज्या दाताची गोष्ट मी आमच्या ह्यांनाही कळू दिली नव्हती, ती मांडवाच्या आधीच व्याह्यांना कळली. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर फार मोकळेपणाने हसत नाही.

नखांचं वेड लागलं ते कवळीमुळेच. एक कंपनीवाला तरुण परदेशातून डायनासोरचं नख घेऊन आला होता. प्रवासात त्याचं टोक मोडलं. कोणीतरी सांगितलं, कसब्यात एक कवळीवाले आहेत, ते जोडून देतील. आमच्या व्याह्यांनी नख हातात घेतलं, भिंग लावलं, मोडलेली कड आपल्या नखाने खरवडली आणि म्हणाले, "टोक काय घेऊन बसलात? हे सगळंच आमच्या धंद्यातलं आहे." वाळू, डिंक आणि वरून तपकिरी रंग! तो मुलगा बिचारा खाली मान घालून गेला, पण व्याह्यांची झोप उडाली. खोटं असं असतं तर खरं कसं असतं, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे चकरा सुरू झाल्या. इंग्रजी पुस्तकं यायची, त्यातली चित्रं ते साच्यांच्या भिंतीवर चिकटवायचे. एकीकडे माणसांचे जबडे, दुसरीकडे राक्षसांची नखं. त्या खोलीत चहा प्यायचं माझ्या जिवावर यायचं.

पुढे इतके लोक यायला लागले की रविवारी नऊ ते अकरा अशी वेळच ठरली. दारावर पाटी: 'आधी नख दाखवावे. कौतुक नंतर सांगावे.' तपासायची त्यांची पद्धत अशी की बघणाऱ्याला वाटावं, कोणाच्या तरी अंगातलं भूत उतरवतायत. आधी तापलेली सुई टोचायची; प्लास्टिकचा वास आला की निकाल लागला. मग खोलीत अंधार करून जांभळ्या दिव्याखाली धरायचं. जिथे गोंद असेल तिथे ते चमकतं. नखाच्या दोन्ही अंगांनी एकेक बारीक पन्हळ गेलेली लागते, ती कोरलेली आहे की मुळातली हे भिंगातून बघायचं. आणि सगळ्यात शेवटी जीभ लावायची. हो, जीभ! म्हणे जुन्या हाडाची छिद्रं ओल ओढून घेतात, म्हणून ते जिभेला चिकटतं. एकदा पाहुण्यांदेखत त्यांनी कुणाचंसं नख चाटलं तेव्हा आमच्या विहीणबाई कळवळून म्हणाल्या, "अहो, निदान धुऊन तरी!" व्याह्यांचं उत्तर, "धुतलं की चव जाते."

नखं झाली, मग बोटांची पेरं आली. कुठलं पेर कुठल्या बोटाचं, डाव्या पायाचं की उजव्या, हे कळायला हवं ना. तर या शुद्ध शाकाहारी माणसाने खाटकाकडून कोंबडीचे पाय आणले, गच्चीवर चुलीवर उकळले आणि हाडं सुटी करून दोऱ्यात ओवली. मला अभिमानाने दाखवली. "मोजा, विहीणबाई. पहिल्या बोटात दोन पेरं, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चार, चौथ्यात पाच. त्या दोन पायांवर धावणाऱ्या राक्षसांचाही हाच हिशेब. आपण ज्याला कोंबडी म्हणतो ना, तो सगळा त्यांचाच गोतावळा आहे." मी मोजली. बरोबर होती. त्यानंतर मला मंडईत कोंबडी दिसली की मी आधी तिच्या पायाकडे बघते, आणि थोडी लांबूनच जाते.

निकाल सांगताना मात्र त्यांना दयामाया नाही. एका मुलाने साखरपुड्यात होणाऱ्या बायकोला द्यायला नख आणलं होतं. त्यावर हे म्हणाले, "खोटं. मुलगी तरी नीट बघितलीत ना?" तो मुलगा पुन्हा आला नाही. खोटी ठरलेली नखं लोक तिथेच टाकून जायचे. त्यांचा एक अख्खा खण भरला. खरं म्हणण्यासारखं आलं ते तुकड्यातुकड्यांनी. इथे टोक खरं, तिथे बूड खरं. अख्खं, कुणी हात न लावलेलं, आपल्याच मातीतलं असं एकही त्यांच्या हाती आलं नव्हतं. "पुण्याचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा," ते म्हणायचे, "त्यात कुणाचं बोट सापडणार? आपला जन्मच चुकीच्या दगडावर झाला."

आता खरी गोष्ट. मी हडपसरला राहते. आमच्या खालच्या मजल्यावर चंद्रपूरकडच्या एक शिक्षिका आहेत आणि त्यांच्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या. त्या आजींच्या देवघरात मुठीएवढा एक शेंदूर लावलेला देव आहे. आजींच्या आजेसासऱ्यांना वावर नांगरताना सापडला, तेव्हापासून घराण्यात त्याची पूजा. नवीन सुनेने घरात आल्यावर त्याला पाणी घालायचं आणि मग जन्मभर घालत राहायचं, अशी रीत. तर दिवाळीत त्यांच्याकडे एक पाहुणे आले, गुरांचे डॉक्टर. त्यांनी सहज बघितलं आणि सहज बोलून गेले, "मावशी, हे तर कुठल्यातरी जनावराच्या पायाचं हाड दिसतंय." पाहुणे फराळ करून गेले. आजींनी दुसऱ्या दिवसापासून दिवा लावला नाही. देवघराचा पडदा ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. जेवण निम्म्यावर आलं. साठ वर्षं आपण ढोराच्या हाडाला नैवेद्य दाखवला, हे त्यांना सोसेना.

शिक्षिकेने मला जिन्यात गाठलं. "काकू, तुमच्या व्याह्यांना घेऊन या. पण आधी सांगून ठेवा, दगड आहे एवढंच म्हणावं. आईंनी जेवायला पाहिजे हो." मी फोनवर निरोप दिला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला. मग म्हणाले, "विहीणबाई, लोकांची लग्नं मोडायची वेळ आली तरी मी कवळीला दात म्हटलेलं नाही." मी फोन ठेवला. वाटलं, हा माणूस आता म्हातारीच्या तोंडावर 'हाड' म्हणून सांगणार आणि मला जन्मभर खालच्या मजल्यावरून मान खाली घालून जावं लागणार.

आले ते अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून. जिन्यात मला हळूच विचारलं, "जीभ लावता येणार नाही ना?" मी म्हटलं, "व्याही, देव आहे तो!" "विचारलं फक्त," म्हणाले. आत गेल्यावर सुई नाही, दिवा नाही. देवाला हातही लावेनात. आजींनाच म्हणाले, "तुम्ही धरा. मी लांबून बघतो." मग काय, आजींच्या हातात देव आणि ह्यांच्या डोळ्याला भिंग. जरा खिडकीकडे, आता पालथा, आता पळीने हलकेच वाजवा. टण्ण असा आवाज आला, चिनी मातीच्या भांड्यासारखा. बुडाला, जिथे तो ताम्हनात टेकतो, तेवढीच जागा शेंदराविना उघडी होती. तिथे भिंग धरून ते किती वेळ बसले कोण जाणे. माझा गुडघा भरून आला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"मले खरं सांगा, भाऊ," आजीच बोलल्या. "हाड हाय का देव हाय?"

शिक्षिकेने माझा हात घट्ट धरला.

"आजी, देवाचं मला कळत नाही," व्याही म्हणाले. "हे पायाच्या बोटाचं पेर आहे. हाड होतं. गाईबैलाचं नाही, म्हशीचं नाही. इथे बघा, मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते ना? प्रत्येक घर दगडाने भरलंय. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी तुमच्या वावरातून एक जनावर चालत गेलं. हत्ती त्याच्यापुढे वासरू. त्याचं बोट तिथेच राहिलं आणि जमिनीने ते कण कण करून दगडाचं केलं. खरं आहे, आजी. माझ्या हयातीत मी पाहिलेलं पहिलं अख्खं, खरं."

आजींनी अंगठ्याने देवाचं उघडं बूड चाचपलं.

"पायाचं हाय नं?"

"पायाचंच."

"मंग कायले तोंड वाकडं करता सारे? पायावरच त डोकं ठेवतो बाप्पा आपण." त्यांनी देव ताम्हनात ठेवला, सुनेला म्हणाल्या, "वात दे इकडं. आन् भाकर टाक दोन. ह्या भाऊलेही बसव जेवाले."

जेवताना शिक्षिका इतक्या खूश होत्या की म्हणाल्या, "काका, हवं तर थोडा शेंदूर काढून देते, नीट बघा तुम्ही." भिंग अजून व्याह्यांच्या खिशातच होतं. हात तिकडे गेलेला मी पाहिला. मग तो हात परत भाकरीकडे आला. "नको," म्हणाले. "इतक्या बायकांनी लावलेला शेंदूर मी कशाला काढू? कधीतरी शेंदराचं कवच आपोआप सुटतं म्हणतात. सुटलं तर कळवा."

रिक्षात बसवून देताना मी विचारलं, "काय राहिलं बघायचं? खरं आहे म्हणालात ना?"

"पाय डावा की उजवा, ते कळलं नाही," म्हणाले. "ते वरच्या बाजूवरून कळतं."

आता व्याह्यांना अठ्ठ्याहत्तर पुरी झाली. रविवारची गर्दी त्यांनी बंद केलीय, डोळ्यांना झेपत नाही म्हणून. मात्र महिन्याकाठी मला एक फोन येतो. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी, मग माझ्या लेकीबद्दल एखादी तक्रार, मग जरा थांबून, "खालच्या आजी बऱ्या आहेत ना?" मी खाली जाऊन येते. आजी दिव्यापाशी बसलेल्या असतात, मला बघून हसतात आणि मी काही विचारायच्या आधीच मान हलवतात. "शेंदूर घट्ट हाय म्हणा त्याइले अजून." मी वर येऊन तसंच सांगते. "असू दे, असू दे," व्याही म्हणतात आणि लगेच फोन ठेवत नाहीत.