मामाच्या कोंबड्या, ताईचे शर्ट

माझा मामा आयुष्यात कुणाच्या दारावर टकटक करून आत गेला असेल, तर तो फक्त कोंबड्यांच्या. बहिणीच्या घरी, म्हणजे आमच्याकडे, तो थेट स्वयंपाकघरात उगवतो आणि झाकणं उघडून बघतो. पण शेडच्या पत्र्याच्या दारापाशी आला की हा मनुष्य थांबायचा, बोटाच्या पेराने दोनदा हलकेच वाजवायचा, जरा वाट बघायचा आणि मगच कडी काढायचा. लहानपणी मला वाटायचं, आतून कुणीतरी ‘या’ म्हणत असणार.

कारण साधं होतं. कोंबडी फार भित्री. दार एकदम उघडलं की सगळ्या एका कोपऱ्यात धावतात, एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरतात. कपड्यांचंही तसंच. रोजचा रंग बदलला की त्यांना वाटतं, कुणी परका शिरला. म्हणून मामा शेडमध्ये कायम निळा शर्ट घालायचा. एकदा कुठूनसा परतताना तो पांढऱ्या शर्टातच आत गेला, तर ज्यांना त्याने पिल्लं असल्यापासून हाताने दाणे घातले होते त्याच किंचाळत पळाल्या. मामाच्या मनाला फार लागलं ते. जेवलासुद्धा नाही. मामी म्हणाली, “मी कुठल्याही शर्टात ओळखते, त्याचं काहीच नाही का यांना?”

ते निळे शर्ट शिवायची ताई, मामाची एकुलती एक मुलगी. गावाबाहेरच्या मोठ्या कारखान्यात ती शिलाई मशीनवर होती. तिच्या वाट्याला कॉलर आली होती. बाह्या दुसरीकडे, बटणं तिसरीकडे, ताई दिवसभर नुसत्या कॉलरी जोडायची. तयार शर्ट खोक्यांत बसून समुद्रापलीकडच्या एका मोठ्या देशात जायचे. ताई म्हणायची, “तिकडच्या निम्म्या लोकांच्या माना माझ्या हातात आहेत, बिचाऱ्यांना पत्ता नाही.” कारखान्यात उरलेले कापडाचे तुकडे कामगारांना स्वस्तात मिळत. त्यातून ती बापाचे शर्ट जमवायची, त्यामुळे मामाचा शर्ट कधीच एका निळ्या रंगाचा नसे. पाठ गडद, पुढचा भाग फिका, खिसा आणखी तिसराच. कॉलर मात्र अशी, की मोठ्या साहेबानेही वळून बघावं.

एक दिवस त्याच मोठ्या देशातून आमच्या बाजारात तंगड्या आल्या.

कोंबडीच्या, गोठवलेल्या, खोकीच्या खोकी. मामाने एक खोकं उघडून बघितलं, मग दुसरं बघितलं, आणि दुकानदाराला विचारलं, “बाकीची कोंबडी कुठाय?” दुकानदाराने समजावलं, की तिकडच्या लोकांना छातीचं मांस आवडतं. तंगड्यांना तिकडे गिऱ्हाईक नाही. फेकून देण्यापेक्षा त्या आपल्याकडे पाठवतात. भाव असा, की मामाचा नुसत्या दाण्यावरचा खर्चही त्याहून जास्त.

घरी येऊन तो बराच वेळ शेडच्या जाळीपाशी बसला. “म्हणजे बघ,” तो मला म्हणाला, “मी अख्खी कोंबडी घेऊन उभा, आणि समोर त्यांचं उष्टं. आणि जिंकतंय उष्टं.”

मामाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे खानावळवाला, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानेही तंगड्या घ्यायला सुरुवात केली आणि मामा दिसला की तो रस्ता बदलू लागला. शेवटी मामानेच त्याला गाठलं आणि सांगितलं, की बाबा, तंगड्या घे, पण रस्ते बदलू नकोस. तुझ्या गुडघ्यांना एवढा वळसा झेपायचा नाही.

मग आसपासच्या कोंबडीवाल्यांनी संघटना काढली. अध्यक्ष मामा, कारण सगळ्यांत कमी बोलणारा तोच आणि कमी बोलणाऱ्याशी भांडण होत नाही. अर्ज झाले, कचेरीचे खेटे झाले, आणि कुणालाच वाटलं नव्हतं तसं झालं. सरकारने तंगड्यांवर कर बसवला. त्यांचा भाव चढला. खानावळवाला परत आला, आल्या आल्या मामाच्या गळ्यात पडला आणि उधारीवर कोंबड्या मागून गेला. मामाने नवी पिल्लं मागवली. पिल्लं आली त्या दिवशी ताई कारखान्यातून थेट शेडवर गेली आणि दोन पिल्लं ओंजळीत घेऊन तिथेच बसून राहिली. एवढ्या दिवसांत मामाला मोठ्याने हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

मोठा देश रागावला नाही. हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. आमच्याकडचे शर्ट त्यांच्या देशात कराशिवाय जात, ती सवलत त्यांनी दिलेली होती. त्या सवलतीचा आम्ही नव्याने विचार करतो आहोत, इतकंच ते म्हणाले. नुसता विचार. तेवढ्याने कारखान्याच्या नव्या ऑर्डरी थांबल्या. ताईच्या ओळीतली मशीनं कापडाने झाकली गेली आणि मॅनेजरने बायकांना सांगितलं, की घरी जा, निरोप पाठवू. त्याच्या हातात तरी काय होतं म्हणा. कारखाना इथला, पण किल्ली तिकडे.

आता घरात असं झालं. कर राहिला तर बापाच्या कोंबड्या राहणार आणि मुलीचं काम जाणार. कर गेला तर मुलीचं काम राहणार आणि बापाच्या कोंबड्या जाणार. आणि दोघं रोज जेवायला समोरासमोर बसत. पूर्वी ताटावर केवढा गोंगाट असायचा. आता मामी वाढायची, दोघं जेवायचे, आणि दोघंही एकमेकांना आग्रह करायचे. मामाने ताईला कधी आग्रह केला नव्हता. मामी मला म्हणाली, “भांडत होते तेव्हा बरे होते रे.”

कर ठेवायचा की काढायचा यावर राजधानीच्या कचेरीत सुनावणी ठरली. संघटनेची काही माणसं येणार होती, पण बोलणार मामा होता. कागद वाचायला आणि बसस्टँडवर चहाचे पैसे द्यायला सोबत मी. निघायच्या सकाळी ताई मामाच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होती. हा तिने तुकड्यांतून नाही, विकत आणलेल्या कापडातून शिवला होता. इस्त्री फिरवता फिरवता, वर न बघता ती म्हणाली, “बाबा, तिथे नीट बोला. माझ्यामुळे गप्प बसलात, तर मी तुमच्याशी बोलणार नाही.”

“आणि बोललो तर?”

“तर मी घरीच असेन. बोलायला भरपूर वेळ मिळेल.”

मामाने शर्ट घेतला. तो अजून गरम होता. कॉलरवरून त्याने अंगठा फिरवला, जसा तो पिल्लाच्या डोक्यावरून फिरवतो, आणि आत गेला. दूध संपलंय, असं काहीतरी सांगत ताई बाहेर गेली. दूध संपलं नव्हतं.

कचेरीतला अधिकारी वाईट माणूस नव्हता. थकलेला होता. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि मामाने बोलायला सुरुवात केली. माझ्या हातातला कागद त्याने घेतलाच नाही.

“साहेब, मी कोंबड्या पाळतो,” मामा म्हणाला. “माझी मुलगी शर्ट शिवते. दोघांचंही काम खोटं नाही. कर राहू द्या, असं सांगायला मला माझ्या लोकांनी पाठवलंय. त्यांनी पिल्लं घेऊन ठेवलीत. म्हणून सांगतो, कर राहू द्या. पण एक विचारतो. आम्ही बापलेक एकमेकांसमोर उभे. आम्हाला असं उभं करणारा कुठाय? तो या खोलीत का नाही?”

अधिकाऱ्याने पेन बंद केलं. मग हळू आवाजात म्हणाला, की काका, गहू तिकडचा, औषधं तिकडची, कर्ज तिकडचं, शर्टांचं गिऱ्हाईकही तिकडचं. त्यांना खोलीत यावं लागत नाही. आणि मग, मामाकडे न बघता, त्याने सांगून टाकलं, “कर काल संध्याकाळीच काढला गेलाय. तुम्ही एवढ्या लांबून येणार होतात, म्हणून सुनावणी रद्द केली नाही.”

मी मामाकडे बघितलं. तेव्हा जे दिसलं ते मी विसरणार नाही. त्याचे खांदे खाली आले, जिवात जीव आल्यासारखा त्याने श्वास सोडला. ताईचं काम वाचलं होतं. आणि लगेच मागोमाग, त्याच चेहऱ्यावर, त्या श्वासाची लाज आली. मागे बाकावर संघटनेची माणसं बसली होती.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “तिला सांगू नकोस.”

“काय?”

“मी हुश्श केलं ते.”

मी नाही सांगितलं. पण आम्ही घरी पोचलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. ताई शेडच्या दारात बसली होती, डोळे लाल. दुसऱ्या दिवशी कामावर या, असा निरोप तिला मिळाला होता. मामा तिच्या शेजारी खाली बसला, पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता. ती म्हणाली, “बाबा, निरोप आला तेव्हा मला आधी आनंद झाला.”

मामाने जाळीतून आत बघितलं. मग म्हणाला, “व्हायलाच हवा. मलाही झाला.”

म्हणजे ज्याने मला शपथेसारखं बजावलं, त्याने स्वतःच सांगून टाकलं. माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता की काय कोण जाणे.

शेड रिकामी व्हायला फार दिवस लागले नाहीत. आता ती लाकूडवाल्याने भाड्याने घेतली आहे. मामाला बाजारामागच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम मिळालं. तिथे काय ठेवतात हे वाचणाऱ्याने ओळखलं असेलच. नोकरी देताना त्याला विचारलं होतं, कोंबडीचा काही अनुभव आहे का. मामाने ‘थोडाफार’ असं उत्तर दिलं. दिवसभर तो तंगड्यांची खोकी रचतो. आतली थंडी हाडात शिरते, म्हणून ताईने त्याला आत कापूस भरलेलं एक जाकीट शिवून दिलं आहे. तिचा कारखाना चालू आहे. सध्या. ती म्हणते, तिकडे कुणी भुवई उचलली की आमची मशीनं थांबतात, त्यामुळे आम्ही सगळ्या तिकडच्या माणसांच्या भुवया सरळ राहोत असं म्हणत असतो.

विकताना मामाने काही कोंबड्या ठेवून घेतल्या. घरामागे फळ्यांचं एक खुराडं आहे, कंबरेएवढं. कोल्ड स्टोरेजचा गणवेश नारिंगी. पहिल्या दिवशी तो तसाच खुराड्याकडे गेला आणि कोंबड्यांनी गोंधळ घातला. तेव्हापासून संध्याकाळी कामावरून आला की तो आधी आत जातो, हात कोमट पाण्यात धरून बसतो, बोटं जागेवर आली की तुकड्यांचा निळा शर्ट चढवतो आणि मागे जातो. मामी चहा घेऊन मागून ओरडते, की आधी माणसांना भेटा.

तो थांबत नाही. खुराड्यापाशी वाकतो. त्या दाराला कडीसुद्धा नाही, नुसती दोरी आहे. तरी दोनदा हलकेच वाजवतो आणि वाट बघतो.