हणमंतप्पाच्या बोर्डावरची नदी

सोलापूरकडच्या वाशीच्या बाजारात गुंडाप्पा पेंटरनं न रंगवलेली पाटी सापडणं अवघड होतं. सोसायटीची पाटी त्याची, दूध संघाची त्याची. 'येथे थुंकू नये' हेही त्यानंच लिहिलेलं. खालची थुंकी तेवढी गावाची.

खरं म्हणजे त्याला चित्रकार व्हायचं होतं. बहात्तर साली सोलापूरला चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं आणि त्याच वर्षी दुष्काळ पडला. गुंडाप्पा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. वर्ग राहिला तो राहिलाच. हात मात्र विसरायला तयार नव्हता. 'खत मिळेल' एवढंच लिहायला सांगितलं, तरी हा शेजारी ज्वारीचं कणीस काढून मोकळा व्हायचा.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात हणमंतप्पानं स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान थाटलं. रंगीत टीव्ही आणि त्याला जोडलेला एक काळा डबा.

"आत जे दिसतंय त्येच बोर्डावर काढ," त्यानं सांगितलं.

गुंडाप्पानं आत डोकावून पाहिलं. निळ्या पट्ट्यावरून एक पिवळा ठोकळा चालला होता.

"ही नदी, आन ह्ये इमान," हणमंतप्पा म्हणाला.

गुंडाप्पाला त्या चित्राची दयाच आली. दोन सालं झाली, गावच्या नदीत पाण्याचा टिपूस नव्हता. त्यानं बोर्डावर भरभरून पाणी सोडलं. काठाला बाभळी, नदीला ऐटदार वळण, पाण्यात विमानाची सावली. तीन दिवस त्याला जेवणाची शुद्ध नव्हती. असं चित्र आपल्या हातून पुन्हा होणार नाही, हे त्याला रंगवतानाच कळलं होतं.

आणि तिथंच घोळ झाला. कॉलेजची पोरं बोर्ड बघून आत यायची आणि भांडायची. "मालक, भाईरची नदी लावा की!"

हणमंतप्पा वैतागला. "सोमवारपतुर आतल्यागत चौकोनी करून दे. लई शाना झालायस तू!"

गुंडाप्पाला नदी पुसवेना. कुणीतरी त्याला म्हणालं होतं, साखर कारखान्यात कॉम्प्युटर आलाय, त्यातही गेम आहे आणि चित्र फार बारीक येतं. तसा पडदा खरंच असला, तर हणमंतप्पाला तोच आणायला सांगता येईल. मग नदी पुसायला नको. शनिवारी त्यानं सायकल काढली आणि थेट कारखाना गाठला.

कॉम्प्युटरवर बसणारा पंचाक्षरी ओळखीतला. त्यानं गुंडाप्पाला चपला बाहेर काढायला लावल्या. असल्या खोलीत धूळ चालत नसे. आत गारगार होतं. काळ्या पडद्यावर पंचाक्षरीनं हिरव्या रेघांची मोटार पळवली. रेघ केसाएवढी बारीक, आणि रस्त्याला वळण होतं. खरंखुरं वळण! गुंडाप्पाचे डोळे भरून आले.

"रंग कुठं हाय पण?"

"रंग न्हाय, मामा. ह्यो नुसता हिरवाच."

"हणमंतप्पाकडं रंग हाय, पर वळण न्हाय. तुझ्याकडं वळण हाय, तर रंग न्हाय. दोन्ही एका जागी कवा यायचं?"

"येतील की. धा-पंधरा वर्षं थांबा तुमी."

पंधरा वर्षं म्हणजे किती, हे गुंडाप्पाला कुणी सांगायला नको होतं. खडी फोडायला गेला त्याला तेवढीच झाली होती.

रविवारी त्यानं बोर्डाला शिडी लावली. बाभळी गेल्या, सावली गेली. वळणापाशी हात अडला. ते वळण ठेवावं, एवढं एकच ठेवावं, असं त्याला फार वाटलं. मग त्यानं पट्टी धरली, सरळ रेघ मारली आणि नदीचा निळा पट्टा करून टाकला.

सोमवारी पोरं खूश झाली. हणमंतप्पानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"ह्याला म्हनत्यात पेंटर! हुबेहूब काढलंस बघ!"

इतक्या वर्षांत गुंडाप्पाच्या चित्राला कुणी हुबेहूब म्हटलं, ते पहिल्यांदाच. त्यानं मान डोलावली आणि ब्रश रॉकेलात धुवत बसला. ब्रश कधीच स्वच्छ झाला होता.