उघड्या तोंडाचे एकोणीस दिवस

बिनवासाच्या बाईंनी एकदा डूख धरला की तो सुटत नसे, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नसे. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण त्यांच्याकडे मलम न्यायला येणाऱ्यांचा समज असायचा की इतकं सौम्य मलम करणारी बाई स्वभावानंही मऊ असणार. मलमाला ना सुगंध होता ना रंग, म्हणून ते बिनवासाचं, आणि करणाऱ्या त्या बिनवासाच्या बाई. मऊपणा काय तो डबीत होता.

त्यांची कातडी लहानपणापासून चिडकी. साबण बदलला की चट्टे, लोकरीचं अंगावर घेतलं की पुरळ. अशा बाईनं नोकरी धरावी ती ब्यूटी पार्लरमध्ये. अकरा वर्षं त्यांनी तिथे लोकांचे केस धुतले. शांपूनं आधी बोटं सोलली, मग गालांवर लाल चट्टे उठले. तेव्हा पार्लरच्या मॅडम चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या, "असं तोंड घेऊन काउंटरपाशी उभी राहू नकोस गं. लोक इथे सुंदर व्हायला येतात." गिऱ्हाइकं हसली. आठवड्याभरात नोकरीही गेली.

पुढची दोन वर्षं बाईंनी स्वतःच्या कातडीवर प्रयोग करण्यात घालवली. जे झोंबलं ते बाद. शेवटी उरल्या तीन गोष्टी: सूर्यफुलाचं तेल, गाळलेलं मेण आणि ओट्सचं वस्त्रगाळ पीठ. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यावर छोटं पातेलं ठेवायचं, त्यात तेल-मेण वितळवायचं, थेंब गार ताटलीवर टाकून बोटानं दाबून बघायचा. मलमात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, नाहीतर बुरशी धरते. डब्या उकळून, फडक्यावर पालथ्या घालून कोरड्या करायच्या. आणि प्रत्येक झाकणावर आत काय आहे ते सगळं लिहायचं. ज्याची कातडी पेटते त्याला हे कळलंच पाहिजे, असं बाईंचं म्हणणं.

त्यामुळे चोरी करायला मॅडमना काहीच कष्ट पडले नाहीत. कुणा गिऱ्हाइकाची डबी हाती लागली, झाकण वाचलं आणि त्यांनी तेच मलम करायला घेतलं. फक्त बिनवासाचं कोण घेईल, म्हणून त्यात गुलाबाचा सुगंध ओतला. महिन्याभरात नाजूक कातडीच्या बायका गाल सुजवून पार्लरात परत आल्या. मॅडमनी खांदे उडवले. "कृती त्या बिनवासाच्या बाईची आहे. तिलाच जाऊन विचारा."

हे ऐकलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कमावलेलं होतं ते एवढंच, की हिच्या हातचं कुणाला झोंबत नाही. आता निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. बाईंनी बाजारातून तसल्याच गुलाबी सुगंधाची एक बाटली आणली आणि मलमाच्या फळीवर, अगदी मागे ठेवली. "कधीतरी येईल ती," त्या लेकीला म्हणाल्या. लेक डब्यांची झाकणं लिहीत होती. तिनं बाटलीकडे एकदा बघितलं आणि पुढचं झाकण घेतलं.

मॅडम खरंच आल्या. गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून त्यांनी ते गुलाबी मलम स्वतःच्या तोंडाला दिवसातून दोनदा चोपडलं होतं. एक दिवस तोंड उठलं. ते झाकायला वर थापला मेकअप, मग तर डोळ्यांपर्यंत लाल झालं. ओढणीत तोंड लपवून त्या दारात उभ्या राहिल्या. बाकावर तीन बायका बाह्या वर करून बसलेल्या होत्या. बाईंचा नियमच तसा होता: कोपराच्या आतल्या बाजूला मलमाचा ठिपका लावायचा, दोन दिवस वाट बघायची, ठिपका लाल झाला नाही तरच डबी मिळायची. दुसरा नियम असा, की महिन्याभरात तोंडाला काय काय लावलं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं. एकीचं ऐकून दुसरीला स्वतःचं आठवतं.

"आत बोलू या का?" मॅडमनी हळूच विचारलं.

"आत मेण वितळतंय. इथेच सांगा. आणि जरा मोठ्यानं."

"डॉक्टरांनी सगळं बंद करायला सांगितलंय..."

"बरोबरच सांगितलंय. पण लावलं काय होतं?"

मॅडमनी बाकाकडे पाहिलं. त्यातल्या दोघी त्यांचीच जुनी गिऱ्हाइकं होती. "तुमचंच मलम," त्या पुटपुटल्या.

"माझं मलम बिनवासाचं आहे. अजून काय होतं?"

"गुलाबाचा सुगंध. मी घातला होता."

"माझ्या कृतीत होता तो?"

"नाही."

बाकावरची एकजण म्हणाली, "आम्हाला तर वेगळंच सांगितलं होतं तुम्ही." मॅडमचं तोंड आधीच लालभडक होतं, त्यामुळे त्या लाजल्या की नाही ते कळलं नाही.

बाई आत गेल्या. ठिपक्यापुरतं मलम वाटीत घेतलं आणि हात फळीच्या मागे, बाटलीकडे गेला. एक थेंब पुरला असता. टोपण उघडलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण हात पुढे सरकेना. एवढी वर्षं सोललेले ते हात, त्यांना कुणाची कातडी पेटवणं जमेना. बाईंना स्वतःच्या हातांचाच राग आला. त्यांनी टोपण लावलं आणि साधा ठिपका घेऊन बाहेर आल्या.

दोन दिवसांनी मॅडमचा कोपर स्वच्छ होता. बाईंनी डबी दिली आणि पथ्य सांगितलं. "पाण्यानं तोंड धुवायचं, हे लावायचं, बास. पावडर नाही, लिपस्टिक नाही, काजळसुद्धा नाही. आणि ओढणीही नको, कातडीला हवा लागू दे. एकोणीस दिवस."

"एकोणीस? पण मला काउंटरवर बसावं लागतं."

"मग बसा की."

नवव्या दिवशी बाई मुद्दाम पार्लरवरून गेल्या. काचेतून मॅडम दिसल्या. चेहरा पार निवळला होता, पण चारी भिंतींच्या आरशांत तो उघडाबोडका, वयासकट दिसत होता. समोरचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघून बाजूच्या मुलीशी काही कुजबुजलं आणि दोघी हसल्या. बाई बाहेर उभ्या राहून मनसोक्त बघत राहिल्या.

घरी आल्यावर लेकीनं विचारलं, "कशा आहेत त्या?"

"बऱ्या झाल्या. कालपासूनच असतील."

"तेच म्हणते मी. सगळ्यांना तर तू आठच दिवस सांगतेस."

"आठ तिच्या कातडीचे."

"आणि वरचे अकरा?"

"अकरा वर्षं केस धुतले मी तिथे."

लेकीनं हातातलं झाकण लिहून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "सांगून टाकू का त्यांना, आता पुरे म्हणून?"

"उद्या तर दहावा आहे," बाई म्हणाल्या आणि पातेलं पुसायला घेतलं.